बोटीचं गरम पाणी

आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता. धरणाचा फुगवटा गावाच्या शिवाराला येऊन टेकलेला आहे, नजर जाईल तिथवर पाणीच पाणी, पण आम्ही त्यात उतरणार ते म्हशी धुवायला. पाणी कमरेच्या वर आलं की आमच्यातला माणूस म्हशीची शेपटी धरतो. अशा घरातल्या मी आणि माझ्या दाजींनी मिळून इंजिनाची कोरी करकरीत बोट घेतली. गावात ज्याने ऐकलं त्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि तंबाखू मळायला घेतली.

बोट घेतली ती आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर. माझ्या गच्चीवरून तिच्या गोठ्याचा पत्रा उन्हात चमकताना दिसतो, पण रस्त्याने जायचं तर पार प्रवरासंगमच्या पुलापर्यंत जा, पूल ओलांडा आणि तेवढंच पुन्हा उलटं या. भाऊबीजेला सकाळी निघालेला मी जेवणाच्या वेळेला पोचतो आणि ओवाळून घ्यायच्या आधी पाठ शेकून मागतो.

आक्काच्या वाडीत घरटी म्हशी आहेत, दूध संकलन केंद्र मात्र नाही. मोटारसायकलवर एक गवळी येतो. तो किटलीत बोट बुडवून, बोट हवेत धरून दुधाची फॅट सांगतो. त्याचं बोट म्हणजे मशीन. पावसाळ्यात ते कमी दाखवतं, लग्नसराईत जरा बरं दाखवतं आणि कुणी तोंड वर करून बोललं की अगदीच खाली येतं. आमच्या काठावर केंद्र आहे, खरं मशीन आहे आणि सकाळ-संध्याकाळ टँकर येतो. आक्काच्या डोक्यात आलं की आपलं दूध पाण्यावरून पलीकडे न्यावं. तिने वाडीतल्या बायका गोळा केल्या आणि त्यांना शब्द दिला: दूध टँकर निघायच्या आत मशिनीवर जाईल, माझ्या हातून नासलं तर माझ्या म्हशींचं तुम्हाला भरून देईन.

सगळ्यांत आधी आढेवेढे घेतले ते तिच्या सख्ख्या जावेने. जाऊबाई म्हणजे त्या वाडीतलं वरचं कोर्ट. ती म्हणाली, संक्रांतीपर्यंत घालून बघू. पण एक ध्यानात ठेव, गवळ्याला एकदा नाही म्हटलं आणि पुन्हा त्याच्याच दारात जावं लागलं, तर तो आपल्याला म्हशीसारखं दावणीला बांधील. तिचं खोटं नव्हतं. म्हणजे बोट दोन्ही वेळेला चालली तर आक्का खरी, नाहीतर आक्काला वाडीतून मान वर करून चालता येणार नाही, असा तो मामला होता.

मी एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. माझं अर्धं आयुष्य बेअरिंगं, वायसर, पॅकिंग आणि पट्टे मोजण्यात गेलं आहे. कोणताही पार्ट दाखवा, मी त्याचं नाव सांगतो, तो कोणत्या रॅकवर ठेवायचा हेही सांगतो. तो कुठे आणि कसा बसतो हे मला नोकरीत कुणी विचारलेलं नाही. पण घरात माझी ख्याती इंजिनियरची आहे, आणि ती मी कष्टाने सांभाळलेली आहे. बोट पसंत करायला म्हणूनच मला नेलं. विक्रेत्याच्या दुकानात मी बोटीच्या कडेवर टिचक्या मारून बघितल्या, जसा मी माठ घेताना मारतो, आणि ‘चांगली आहे’ म्हणालो.

दसऱ्याला बोट आली. आपट्याची पानं, झेंडूचा हार, हळदीकुंकू, लिंबू-मिरची असं सगळं रीतसर झालं. इंजिनाला कुंकू लावताना आक्काने विचारलं की ह्याचं तोंड कुठलं. मी आत्मविश्वासाने डिझेलच्या टाकीकडे बोट दाखवलं. लाल कुंकू तिथेच लागलं आहे, अजून आहे.

मग मी सगळ्यांना इंजिन समजावून सांगितलं. बोटीच्या पोटाला एक भोक असतं. तिथून पंप बाहेरचं पाणी ओढतो, ते पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला गार ठेवतं आणि कोमट होऊन बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. पंपात रबराचं पाकळ्यांचं एक चक्र असतं, ते पाणी ढकलतं. समोर एक मीटर, त्यात काटा. काटा हिरव्यात म्हणजे इंजिन गार, लालात म्हणजे बंद करायचं. दाजी म्हणाले, “आपल्या विहिरीच्या इंजिनासारखंच हाय की मग.”

ते खरंच तसं होतं. पहिल्या फेरीला ती नळी वाहू लागली तसा आक्काने आणि मी एकाच वेळी तिच्याखाली हात धरला. आमच्या लहानपणी विहिरीवर वडिलांचं ऑईल इंजिन होतं. त्याच्या अंगातून निघालेलं गरम पाणी एका तोटीतून पडायचं आणि थंडीच्या दिवसांत आम्हा भावंडांच्या आंघोळी त्या तोटीखाली व्हायच्या. घरी चूल पेटवायची गरजच नसे. आक्का तेव्हा इंजिनाची राखणदार होती, माझं डोकं घासून द्यायचं कामही तिच्याकडेच होतं आणि ते ती तांब्याचं भांडं घासल्यासारखं करायची. बोटीच्या नळीखाली हात धरून ती म्हणाली, “कोमटच हाय रं.” तिच्या आवाजात जरा तक्रार होती. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी नारिंगी लाइफ जॅकेट घालून फोटोसाठी उभा होतो.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. दाजी सुकाणूवर, आक्का कॅनपाशी. सकाळी भरलेले कॅन आमच्या काठावर, रिकामे कॅन परत. संध्याकाळी पुन्हा तसंच. मशिनीने दिलेल्या फॅटचे आकडे बायकांनी ऐकले आणि गवळ्याच्या बोटाविषयी वाडीत बरंच काही बोललं गेलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एका सकाळी पाहुणचाराला म्हणून मी पलीकडे गेलो होतो, तो भरल्या कॅनांबरोबरच परत निघालो. निम्म्या पाण्यात आल्यावर जळक्या रबराचा वास आला. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मीटरकडे बघितलं. काटा हिरव्यात, अगदी शहाण्या मुलासारखा. मी म्हणालो, इंजिन गार आहे. वास काठावरच्या वीटभट्टीचा असणार. दाजी म्हणाले, वीटभट्टीत रबर कशाला जाळतील? मी म्हणालो, हल्ली काहीही जाळतात. हे बोलून होतंय तोवर इंजिनातून पांढरी वाफ निघाली, ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. काटा तेव्हाही हिरव्यातच होता.

बोटीबरोबर दोन वल्ही मिळाली होती. त्यातलं एक आक्काच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीला टेका म्हणून उभं होतं. राहिलेल्या एकाने दाजी एका बाजूने ओढू लागले, दुसऱ्या बाजूने मी कॅनच्या झाकणाने. बोट स्वतःभोवतीच गरागरा फिरायला लागली. आक्का मधोमध बसून कॅनांवर ओली पोती टाकत होती. काठाला लागलो तेव्हा टँकर गेलेला होता. दुपारी दूध फाटलं. बोट पुन्हा चालू झाल्यावर आक्काने आपल्या म्हशींचं दूध बायकांच्या किटल्यांत घालून त्यांचं माप पुरं करून दिलं. जाऊबाईने ते घेतलं आणि म्हणाली, एक डाव झाला.

मी आणि दाजींनी पंप उघडला. रबराच्या चक्राच्या पाकळ्या जवळजवळ सगळ्या तुटलेल्या. रबर कडक, नखाने सोलून निघणारं. कोरा पार्ट म्हणून जो दिला होता तो कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं वाळलेला होता, हे मात्र मी छातीठोक सांगू शकत होतो. असा वाळलेला माल ओळखणं हाच माझा धंदा. मीटर काढून त्याचं टोक चुलीवरच्या उकळत्या पाण्यात धरलं. काटा हिरव्यातून हलला नाही. तो काटा नव्हताच, चित्र होतं.

तुटकं चक्र आणि मीटर मी जेवणाच्या डब्यात घातलं आणि विक्रेत्याकडे गेलो. त्याने चक्र हातात न घेताच सांगितलं की तुमच्या पाण्यात गाळ आहे, गाळाने पाकळ्या झिजतात. हे तो म्हणणार हे मला एसटीतच माहीत होतं. मी पिशवीतून फुगवट्याच्या पाण्याने भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. म्हणालो, गाळ दाखवा. तो म्हणाला, असा डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा मी झाकण उघडलं आणि त्याच्यासमोर निम्मी बाटली पिऊन टाकली. आता ह्यात तर्कशास्त्र काय होतं हे मला आजही सांगता येणार नाही. पण दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली आणि विक्रेत्याने घाईघाईने नवं मीटर काढलं, नवं चक्र काढलं. मी दोन चक्रं मागितली. स्टोअरचा माणूस एकाच्या जागी दोन मागतो. एक बसवायचं, एक रॅकवर. चक्रं दाबून, वाकवून, वास घेऊन निवडली. परतीच्या एसटीत माझ्या पोटाने त्या बाटलीचा जाब विचारला. नेवासा स्टँडवर मी उतरलो ते धावतच. पण पार्ट मिळाले होते.

नवे पार्ट बसले. नवं मीटरही चुलीवर तपासून घेतलं, काटा लालात जाऊन परत आला. मी घरात सगळ्यांना सांगितलं की कंपनीला वाकवली.

थंडी पडली आणि इंजिन पुन्हा तापायला लागलं.

ह्या वेळी गंमत अशी की ते भरल्या फेरीला तापायचं नाही. भरलेले कॅन घेऊन पलीकडून आमच्या काठावर येताना काटा हिरव्यात, आणि रिकामे कॅन घेऊन परत जाताना लालात. दाजी फोनवर सांगायचे की लालात गेला, बंद केलं, जरा थांबलो, चालू केलं, पोचलो. नळी बघितली, पंप बघितला, कुठे काही नाही. मी कारखान्यात बसून फोनवर निदान करत होतो. भरलेली बोट पाण्यात खोल बसते म्हणून तिला पाणी भरपूर मिळतं, रिकामी बोट वर उचलली जाते म्हणून भोकात हवा शिरते, हे माझं पहिलं मत. दाजींनी परतीला बोटीत दगड भरले. तरी तापलं. मग मी वाऱ्याचं मत मांडलं. दाजी म्हणाले, पाव्हणं, वारं तर आज पडलंय. शेवटी मी म्हणालो की नवं मीटरही खोटं आहे, फक्त ह्या खेपेला उलट्या बाजूने. विक्रेत्याला सुनवायचं भाषण मी गाळपाच्या हंगामात, ऊस खाली होण्याच्या आवाजात, पाठ करत होतो.

तोवर एका सकाळी परतीला इंजिन इतकं तापलं की ते दिवसभर पुन्हा चालूच झालं नाही आणि संध्याकाळची फेरी चुकली. संध्याकाळचं दूध आक्काने रात्रभर गार पाण्यात ठेवलं. सकाळी केंद्रावर मशीनवाल्याने वास घेऊनच कॅन बाजूला काढला. आक्काने पुन्हा भरून दिलं. जाऊबाई ह्या वेळी जास्त बोलली. म्हणाली, तुझ्या म्हशी काही कामधेनू नाहीत, अशानं तुझाच गोठा रिकामा होईल. दोन डाव झाले. आता एकदा जरी संध्याकाळचं दूध काठावर राहिलं, तर मी गवळ्याला सांगावा धाडते, आणि माझ्यामागं सगळ्या येतील. आक्काने मला फोन केला तेव्हा ती इंजिनाबद्दल काहीच बोलली नाही. माझ्या जेवणाखाणाचं विचारत राहिली. मी रजा टाकली.

ठरवलं, एक पूर्ण फेरी आपण डोळ्यांनी बघायची. आदल्या दिवशी रस्त्याने पलीकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी भरल्या कॅनांबरोबर बसलो. जॅकेट घातलं, मीटरसमोर मांडी ठोकली. येताना काटा हिरव्यात. दूध केंद्रावर गेलं, मशिनीने आकडे दिले, टँकर भरला. आक्काने रिकामे कॅन बोटीत चढवले, उतरंडीसारखे एकावर एक रचले आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या पलीकडे, नळीच्या बाजूला, राखेचा डबा आणि साबण घेऊन कॅन धुवायला बसली. दाजींना मागून तिचा नुसता डोक्यावरचा पदर दिसायचा. मला तेवढाही दिसत नव्हता, कारण मी मीटरकडे बघत होतो.

निम्म्या पाण्यात काटा उठला. हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालाकडे, अगदी ठरवून निघाल्यासारखा. मग फट् असा आवाज झाला, इंजिनाच्या बाजूची रबरी नळी क्लिपातून सुटली आणि गरम पाण्याची चिळकांडी माझ्या जॅकेटवर आली. दाजींनी इंजिन बंद केलं. फुगवट्यावर एकदम शांतता. लांब कुठेतरी पाणकोंबडी बोलली.

मला मनातून आनंद झाला होता, हे लपवत नाही. पुरावा समोर होता, साक्षीदार होते, अंगावर गरम पाणी होतं. मी फोन काढला, विक्रेत्याचा नंबर लावला आणि घसा साफ केला. घंटा वाजत होती.

“भाऊ, फोन ठेव,” आक्का म्हणाली.

मी हाताने तिला थांब म्हटलं.

“ठेव म्हणते ना.”

ती कॅनांमागून उठून आली होती. एक हात पदराखाली. मी फोन बंद केला. तिने हात बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर एक ओलं, गरम बुरकुंड ठेवलं. मक्याचे दाणे काढल्यावर जो सांगाडा उरतो तो. एका टोकाला नीट तासलेलं, नळीत बसेल असं.

“हे काय?”

“बुरकुंड.”

“ते दिसतंय मला.”

“नळीत घालते,” ती म्हणाली. “माघारी येताना. पाणी बारीक येतं पण कढत येतं. दुधाचा ओशटपणा कोमट पाण्यानं जात न्हाई, थंडीत तर मुळीच न्हाई. इंजिन बंद पडलं की पाणीबी बंद, मग काढून ठेवते. मला काय ठावं त्याला ह्याचा तरास हुतो. बापानं आपल्या जल्मभर घातलं की न्हाई?”

घातलं होतं. मला एकदम सगळं दिसलं. थंडीच्या दिवसांत वडील तोटीत बुरकुंड दाबून पाण्याची धार बारीक करायचे, म्हणजे पाणी कढत येईल आणि पोरांची अंगं शेकतील. खिशात बिडीच्या बंडलाबरोबर एक तासलेलं बुरकुंड असायचंच त्यांच्या. ते जुनं इंजिन बैलाएवढं होतं, ठोक्याठोक्याला दम खात चालायचं; त्याला थोडं तापलेलं चालत असे. आणि ती अडवलेली तोटी शेवटी उघडी कुणी करायची? आक्काने. तिला हे काम वडिलांनी शिकवलेलं. मी नुसता खाली बसून आंघोळ करायचो आणि मोठा होऊन इंजिनियर झालो.

दाजी सुकाणू सोडून पुढे आले. त्यांनी बुरकुंड उलटसुलट बघितलं. म्हणाले, “आन् मी बोटीत दगडं भरतूय.”

मला एकच प्रश्न छळत होता. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हाही हे होतं का? आक्काने आठवून सांगितलं, तेव्हा नव्हतं. तेव्हा थंडीच नव्हती, आणि त्या दिवशी तर कॅन भरलेले होते. मला केवढा धीर आला. म्हणजे ते वाळकं रबर आणि तो चित्रातला काटा ही कंपनीचीच करणी, आणि मी प्यायलेलं पाणी वाया गेलेलं नव्हतं.

एवढ्यात माझा फोन वाजला. विक्रेता. अर्धवट वाजून बंद झालेला फोन बघून त्याने स्वतःहून केला होता. त्याने अतिशय सावध आवाजात विचारलं, आता काय झालं? मी म्हणालो, काही नाही, सहज खुशाली विचारायला केला होता. भाषण तसंच राहिलं माझ्याकडे, अजून पाठ आहे.

आता काम होतं बोट उठवायचं, कारण पलीकडच्या काठावर संध्याकाळचं दूध वाट बघत होतं. निसटलेली नळी बसवली, क्लिप आवळली. पंप उघडला तर चक्राच्या दोन पाकळ्या फाटलेल्या. अडवलेलं पाणी ढकलून ढकलून बिचारं दमलं होतं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी जेवणाचा डबा उघडला. वरच्या खणात भाकरी, खालच्या खणात दुसरं चक्र. आयुष्यात इतक्या थाटात मी कुठलाही पार्ट कुणाला काढून दिलेला नाही. कारखान्यात त्यासाठी निदान सही तरी मागतो.

चक्र कोरडं आत जाईना. आक्काने कॅन धुवायचा साबण चोळून दिला आणि ते लोण्यासारखं सरकलं. दाजींनी विचारलं, “पाव्हणं, पाकळ्या कुठल्या अंगाला वाकवायच्या?”

“ज्या अंगाला वाकतील त्या,” मी ठामपणे सांगितलं.

इंजिन उठलं. नळीतून जाड, कोमट धार पडू लागली. आम्ही तिघंही काही वेळ नुसते त्या धारेकडे बघत राहिलो.

काठ जवळ यायला लागला तसा मी आक्काला एक सल्ला दिला. म्हटलं, जाऊबाईला सांगू की पुन्हा कंपनीचाच पार्ट खराब निघाला. कंपनी काही इथे ऐकायला येणार नाही, आणि खोटं निम्मंच आहे, कारण पहिल्या वेळचं खरं होतं. दाजींना हे पटलं. घरात शांतता राहील अशी कुठलीही गोष्ट दाजींना पटते. आक्काने बुरकुंड माझ्या हातातून परत घेतलं.

जाऊबाई काठावर उभीच होती. आमचं मधे थांबणं तिने लांबून पाहिलं असणार. आणखी दोघी-तिघी मागे. बोट वाळूला लागली आणि मी तोंड उघडायच्या आत आक्का खाली उतरली, बुरकुंड पुढे केलं आणि सगळं सांगून टाकलं. कशासाठी घालत होती, किती दिवस, त्याने काय झालं. मधला कुठलाही भाग गाळला नाही. दुसरा डाव माझ्यामुळं गेला, म्हणाली; कंपनीचा त्यात काही दोष नाही.

जाऊबाईने ते बुरकुंड निरखून बघितलं. मग तिने बोटीकडे बघितलं.

“म्हंजी बोट चांगली हाय?”

“बोट चांगली हाय. मीच वंगाळ.”

“तू वंगाळ हायेस ते आमाला लगीन झाल्यापासून ठावं हाय,” जाऊबाई म्हणाली. “मी बोटीचं इचारते.”

मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आक्कासुद्धा हसली, पण तिचे डोळे जावेच्या चेहऱ्यावरून हलले नव्हते. जाऊबाईने बुरकुंड कमरेला खोचलं, जसा काही तो मुद्देमाल होता, आणि वाडीकडे निघून गेली. तिच्या मनात काय आहे ते कुणालाच कळेना. दाजी म्हणाले, झालं. मी म्हणालो, निम्मं खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. आक्का गोठ्यात जाऊन धार काढायला बसली.

संध्याकाळी बोट सोडायच्या वेळेला आम्ही काठावर उभे. बांधावरून मोटारसायकलचा आवाज आला. गवळीच. त्याला खबर लागायला वेळ लागत नसे. तो चढावर गाडी उभी करून, एक पाय टेकून, हॉर्न वाजवत थांबला. वाडीतून बायका किटल्या घेऊन बाहेर पडल्या आणि वाटेतच रेंगाळल्या. सगळ्यांची नजर जाऊबाईच्या दाराकडे.

जाऊबाई बाहेर आली ती डोक्यावर किटली, आणि बगलेत गोवऱ्या घेऊन. गवळ्याने पुन्हा हॉर्न दिला. तिने मान वळवली नाही. सरळ काठावर आली, किटली आक्काच्या पुढ्यात ठेवली आणि गोवऱ्या पाण्यापासून जरा वर, तीन दगडांच्या मधे रचायला लागली. तिच्या लेकीने मागून पाण्याचं मोठं पातेलं आणलं. मी विचारलं, हे काय चाललंय वहिनी? तर मला उत्तर देण्याच्या लायकीचा न समजून ती आक्काशीच बोलली.

“कॅन हितं आणून धुवायचे. पाणी मी तापवीन. तुज्या इंजनाला ह्यो धंदा लावू नगंस.”

आणि कमरेचं बुरकुंड काढून तिने चुलीत सगळ्यांत आधी घातलं. वाळलेलं नव्हतं, जरा धूर झाला. मग पेटलं.

आक्काने तिची किटली कॅनमध्ये ओतली. मग बाकीच्या आल्या, एकीमागून एक. गवळी कधी गेला ते कुणी बघितलं नाही. बोट वेळेत आमच्या काठाला लागली, टँकरवाला हॉर्न द्यायच्या बेतात होता, त्याला तेवढी तसदीही पडली नाही.

संक्रांत आली आणि गेली. त्या दिवशी तिळगूळ घेऊन सगळ्या आक्काच्या घरी होत्या, पण मुदतीची आठवण कुणी काढली नाही. दाजींनी मधल्या काळात कपड्यांच्या दोरीखालचं वल्हं काढून बोटीत ठेवलं; दोरीला आता बांबू आहे. माझ्या डब्याच्या खालच्या खणात पुन्हा एक चक्र ठेवलेलं असतं, भाकरीला त्याचा किंचित वास लागतो आणि बायको त्यावरून बोलते.

सकाळी मी गच्चीवर जातो. पलीकडच्या काठावर, आक्काच्या पत्र्याच्या थोडं खाली, धुराची एक बारीक रेघ उभी राहिलेली असते. ती दिसली की बोट सुटली म्हणून समजायचं. मी खाली हाक मारून सांगतो, चहा ठेवा, आक्का निघाली.